बार्बोझाची कीव पुरे झाली

फुटबॉलच्या विश्वचषकाचे ढोल वाजू लागले की दर चार वर्षांनी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक लेख हटकून येतो. लेखक बदलतात, लेख तोच राहतो. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, दोन लाखांच्या घरातली गर्दी, ब्राझीलला जगज्जेतं व्हायला फक्त बरोबरी हवी. ७९व्या मिनिटाला उरुग्वेचा घिजिया फटका मारतो, ब्राझीलचा गोलकीपर मोआसिर बार्बोझा चुकतो आणि पुढची पन्नास वर्षं देश त्याला क्षमा करत नाही. मग दुकानात आपल्या मुलाला ‘ह्याच माणसानं अख्ख्या ब्राझीलला रडवलं’ असं सांगणारी बाई येते. माराकानाचे जुने लाकडी गोलपोस्ट घरी आणून त्यांच्या जाळावर मांस भाजणारा बार्बोझा येतो. शेवटी हलाखीतलं मरण येतं. तो दोनदा मेला, एकदा १९५० साली आणि एकदा २००० साली, अशा अर्थाचं वाक्य टाकून लेखक लेखणी खाली ठेवतो. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

माझा आक्षेप ह्या हळहळीलाच आहे. बार्बोझाला शिव्या घालणारे आणि त्याची कीव करणारे हे दोन विरुद्ध गट आहेत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मूळ मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे: चूक त्याचीच होती आणि त्या एका गोलापलीकडे त्याच्या आयुष्यात सांगण्याजोगं काही नाही. पहिल्यांनी त्याला माफी नाकारली, दुसरे ती उदारपणे देऊ करतात. पण माफी द्यायला आधी गुन्हा सिद्ध झालेला असावा लागतो. तो कुणी तपासून पाहिला?

गुन्ह्याकडे येण्याआधी माणसाकडे पाहू, कारण त्या लेखांत हा माणूस ७९व्या मिनिटालाच जन्माला आल्यासारखा दिसतो. बार्बोझाचा जन्म २७ मार्च १९२१चा, साओ पाउलो राज्यातल्या कांपिनासचा. सुरुवातीला तो बगलेवर पुढे खेळायचा, गोलमध्ये नंतर आला. साओ पाउलोच्या इपिरांगा क्लबाकडून नाव कमावल्यावर १९४५ मध्ये तो रिओच्या व्हास्को द गामा क्लबात दाखल झाला. (गोव्यातल्या वास्कोशी गल्लत नको, नावामागचा दर्यावर्दी मात्र एकच.) पुढची काही वर्षं ब्राझीलमध्ये ह्या संघाला ‘विजयाची एक्स्प्रेस’ म्हणत. १९४७ आणि १९४९ साली रिओची स्पर्धा त्यांनी एकही सामना न हरता जिंकली.

आणि १९४८ चं सांतियागो. दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची पहिली स्पर्धा चिलीत भरली. आजच्या कोपा लिबेर्तादोरेसची बीजं त्या स्पर्धेत शोधली जातात. तिथे अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट संघ होता, लाब्रुना होता, तरुण दि स्तेफानो होता. त्या काळी त्या खंडात ह्या संघाला सगळे वचकून असत. व्हास्को सहा सामने खेळला आणि सहांत मिळून फक्त तीन गोल खाल्ले. रिव्हर प्लेटविरुद्धचा सामना ०-० सुटला. त्यात लाब्रुनाची पेनल्टी बार्बोझाने अडवली आणि विजेतेपद व्हास्कोकडे गेलं. ब्राझीलच्या एखाद्या संघाने देशाबाहेर जिंकलेली ही पहिली मोठी स्पर्धा. ती जिंकून देणाऱ्या हातांचा कीव करणाऱ्या लेखांत उल्लेखही नसतो. १९४९ मध्ये ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवलं, निर्णायक सामन्यात पॅराग्वेचा ७-० असा धुव्वा उडवला, तेव्हाही गोलमध्ये बार्बोझाच होता. हातमोजे न घालता खेळायचा. चेंडू हाताला जाणवला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बोटं किती वेळा मोडली ते त्याच्या हातांकडे पाहिलं की कळायचं. १९५० मध्ये तो २९ वर्षांचा होता. गोलकीपरच्या दृष्टीने ऐन भरातलं वय.

आता तो गोल.

मैदानावरच्या गोष्टी भावनेने न पाहता पायांच्या हालचालींतून पाहिल्या तर बरंच काही स्पष्ट होतं. घिजिया उरुग्वेचा उजवा विंगर. ब्राझीलच्या बाजूने त्याच्यावर नजर ठेवायची ती लेफ्ट हाफ बिगोदने, आणि बिगोद चकला तर मागून धावून यायचं ते जुव्हेनालने. ६६व्या मिनिटाला घिजिया बिगोदला मागे टाकून उजव्या कडेने आत घुसला, त्याने चेंडू मध्ये स्कियाफिनोकडे दिला आणि स्कियाफिनोने गोल केला. १-१. बार्बोझाला ह्या गोलाबद्दल कुणी फारसा दोष देत नाही. त्यानंतर तेरा मिनिटांनी अगदी तेच दृश्य: तोच विंगर, तीच बाजू, बिगोद पुन्हा मागे, मध्ये पुन्हा उरुग्वेचे फॉरवर्ड धावत येतायत आणि पुन्हा आधाराला कुणी नाही. बार्बोझाने तेव्हा काय करायचं होतं? तेरा मिनिटांपूर्वी ज्या पासने गोल झाला तो पास अडवायला तो मध्याकडे सरकला. कोणताही शहाणा गोलकीपर हेच करेल. घिजियाने पाहिलं की खांब आणि गोलकीपर यांच्यामध्ये फट पडली आहे आणि अवघड कोनातून त्या फटीत चेंडू मारला. खुद्द घिजियाने पुढे कबूल केलं की बार्बोझाने केलं ते तर्काला धरून होतं, तर्क सोडून वागलो तो मी. ज्याने गोल मारला त्याला जे दिसलं ते गोलावर लेख लिहिणाऱ्यांना दिसू नये?

यावर फुटबॉल जाणणारे लगेच म्हणतील, जवळचा खांब हा गोलकीपरचा, तिथून गोल खाल्ला तर चूक त्याचीच. टीव्हीवरचे समालोचक आजही हे वाक्य जपमाळेसारखं ओढतात. नियम म्हणून तो ठीकच आहे; मुलांना शिकवताना मीही तोच सांगेन. पण नियम सरासरीवर बेतलेले असतात. मैदानातला माणूस समोर असलेल्या क्षणावर निर्णय घेतो. खांबाला चिकटून राहिला असता आणि घिजियाने पुन्हा मध्ये चेंडू दिला असता, तर मोकळ्या गोलमध्ये चेंडू ढकलणारा आणखी एक स्कियाफिनो उभा होता, आणि मग आज आपण ‘बार्बोझा खांबाला का चिकटून राहिला’ असे लेख वाचत असतो. त्याने दोन धोक्यांतला मोठा धोका निवडून अडवला. लहान धोका खरा ठरला. खेळात याला चूक म्हणत नाहीत. आणि घिजिया काही कुणी ऐरागैरा नव्हता. १९५० च्या विश्वचषकात उरुग्वे चार सामने खेळलं आणि चारही सामन्यांत त्याने गोल केला.

मग चूक कुणाची, असं विचारणाऱ्यांना विचारावंसं वाटतं: एका सामन्याचा निकाल एकाच माणसाच्या नावावर लावायची एवढी घाई का? तरीही हिशोब मांडायचाच असेल तर नीट मांडू. प्रशिक्षक फ्लाव्हिओ कोस्ताने पहिल्या गोलातून काही धडा घेतला का? बिगोदच्या मागची मोकळी जागा तेरा मिनिटं तशीच राहिली. बदली खेळाडू आणायची सोय त्या काळी नव्हती, हे खरं; पण मैदानातल्या दहा जणांची जागा बदलायला बदली खेळाडू लागत नाही. कोस्ता हाच व्हास्कोचाही प्रशिक्षक, बार्बोझाला ओळखणारा. त्याच्या नावाने दर चार वर्षांनी कुणी लेख लिहीत नाही.

बहुतेक लेखांतून आणखी एक मुद्दा गळतो. त्या विश्वचषकात अंतिम सामना असा नव्हताच. शेवटच्या फेरीत चार संघ एकमेकांशी खेळले आणि गुणांवर विजेता ठरणार होता. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं लोळवलं होतं, म्हणून बरोबरीही पुरेशी होती. याचा अर्थ घिजियाच्या गोलानंतर २-१ अशा स्थितीतही ब्राझीलला एक, फक्त एक गोल हवा होता, आणि अकरा मिनिटं हातात होती. आदेमीर, झिझिन्यो आणि जाइर असलेल्या, आधीच्या दोन सामन्यांत तेरा गोल ठोकलेल्या त्या आघाडीला अकरा मिनिटांत एक गोल करता आला नाही. संपूर्ण स्पर्धेत ब्राझीलने २२ गोल केले, त्यातला त्या दिवशीचा एकच, फ्रियासाचा. आदेमीर त्या विश्वचषकात सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू. त्या दिवशी त्याची पाटी कोरी. गोल न करण्याचा दोष विरून जातो, गोल खाण्याचा दोष चिकटतो. आघाडीवरच्या खेळाडूच्या चुकीमागे नव्वद मिनिटं पसरलेली असतात, गोलकीपरच्या चुकीमागे फक्त जाळी असते. हा ह्या खेळाचा जुना अन्याय आहे आणि कीव करणारे लेख तो आणखी पक्का करतात.

उरुग्वे दुबळा होता आणि ब्राझीलच्या हातून जिंकलेला सामना निसटला, हीही एक सोयीची समजूत. दोनच महिने आधी, मे १९५० मध्ये, रिओ ब्रांको चषकात उरुग्वेने साओ पाउलोत ब्राझीलला ४-३ असं हरवलं होतं. पुढचे दोन सामने ब्राझीलने जिंकले, पण दोन्ही एका-एका गोलाने. बरोबरीची टक्कर होती. तरीही सामन्याआधी रिओच्या महापौरांनी मैदानावर खेळाडूंना जगज्जेते म्हणून भाषण ठोकलं, एका वर्तमानपत्राने आधीच विजेते म्हणून संघाचा फोटो छापला. सगळ्यांनी मिळून गुढी उभारली, आणि ती पडली तेव्हा खापर फुटलं एकाच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि आता ती तारीख, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला: ८ एप्रिल १९५१. माराकानाच्या त्या दुपारनंतर जेमतेम नऊ महिने झाले होते. व्हास्को मैत्रीपूर्ण सामन्यासाठी उरुग्वेत मोंतेव्हिदेओला गेला. समोर पेन्यारोल क्लब होता आणि त्यात जगज्जेत्या उरुग्वे संघाचा कणाच होता: गोलकीपर मास्पोली, कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला, स्कियाफिनो आणि घिजिया. स्थळ सेंतेनारिओ, उरुग्वेचं सगळ्यात मोठं स्टेडियम. व्हास्को ३-० ने जिंकला. गोलमध्ये बार्बोझा होता. घिजिया आणि स्कियाफिनो दोघे मिळूनही नव्वद मिनिटांत त्याला चकवू शकले नाहीत. त्याच महिन्यात परतीचा सामना माराकानात झाला, तोही व्हास्कोने जिंकला, २-०. म्हणजे दोन सामने, १८० मिनिटं, समोर तेच खेळाडू, आणि त्यातला एक सामना त्याच मैदानावर. गोल एकही नाही.

मैत्रीपूर्ण सामन्याची किंमत विश्वचषकाइतकी नसते, हे मलाही कळतं. मोंतेव्हिदेओच्या त्या विजयाने जुलैची जखम भरली, असंही मी म्हणत नाही. पण ‘एका गोलाने संपलेला माणूस’ हे वाक्य ज्यांना इतकं प्रिय आहे, त्यांनी ह्या १८० मिनिटांचं काय करायचं ते सांगावं. शिवाय त्याआधी, जानेवारी १९५१ मध्ये, व्हास्कोने अमेरिका क्लबाला २-१ असं हरवून रिओचं १९५० चं विजेतेपद पटकावलं, तेही माराकानातच. ज्या मैदानावर बार्बोझा ‘मेला’, त्याच मैदानावर सहा-साडेसहा महिन्यांत त्याने चषक उचलला. १९५२ च्या स्पर्धेत पुन्हा उचलला. १९५३ मध्ये तो ब्राझीलकडून पुन्हा खेळला. त्याच वर्षी बोताफोगोविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय मोडला आणि पुढच्या विश्वचषकाचं दार बंद झालं. रेसिफेच्या सांता क्रूझकडे, मग बोनसुसेसोकडे, पुन्हा व्हास्कोकडे, असं करत तो १९६२ पर्यंत, वयाच्या ४१व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. शेवटचा क्लब कांपो ग्रांदे. मेलेली माणसं पुढे बारा वर्षं गोल अडवत नाहीत.

१९५० च्या ह्याच विश्वचषकाला भारताचाही संघ जायचा होता, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं, आणि भारत का गेला नाही याचं उत्तरही प्रत्येकाला तोंडपाठ असतं: अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून. भारताचा समावेश स्वीडन, इटली आणि पॅराग्वे असलेल्या गटात झाला होता. तेव्हाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं की ऑलिंपिकपुढे विश्वचषक आपल्याकडे कुणाच्या लेखी महत्त्वाचाच नव्हता. हे कारण कंटाळवाणं आहे, अनवाणी पायांचं चित्र देखणं आहे. त्यामुळे टिकलं ते चित्र. बार्बोझाच्या बाबतीतही हेच झालं. जळणारे गोलपोस्ट सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्या गोष्टीच्या खरेपणाबद्दल वाद आहेत, हे कुणी सांगत नाही.

आणि ह्या देखण्या गोष्टीच्या आड एक गंभीर गोष्ट दडते. पराभवाचं खापर ज्या तिघांवर फुटलं ते बार्बोझा, बिगोद आणि जुव्हेनाल तिघेही कृष्णवर्णीय होते. हा योगायोग नव्हता, हे ब्राझीलमध्ये मारिओ फिल्योसारख्या पत्रकाराने लिहून ठेवलं आहे. फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीयांवरच्या त्याच्या पुस्तकाची १९६४ सालची वाढीव आवृत्ती याच पराभवाला सामोरी जाते, आणि आज माराकाना अधिकृतपणे त्याच्याच नावाने ओळखलं जातं. बार्बोझा ज्या क्लबाकडून खेळत होता त्या व्हास्कोने १९२४ मध्येच आपले बारा कृष्णवर्णीय आणि कष्टकरी खेळाडू काढून टाकायला नकार देणारं पत्र रिओच्या बड्या क्लबांच्या संघटनेला लिहिलं होतं. त्या पत्रावर तारीख आहे ७ एप्रिल. बार्बोझा वारला तोही ७ एप्रिललाच. त्यातून अर्थ काढायचा नाही, पण नोंद करायला हरकत नाही. ‘देशाने त्याला माफ केलं नाही’ असं आपण लिहितो तेव्हा ‘देश’ हा शब्द सगळ्यांना सोडवतो. व्यवस्थापनातल्या माणसांनी, पत्रकारांनी, निवडणाऱ्यांनी जे केलं ते सगळं देशाच्या नावावर जमा होतं आणि वर्णद्वेषाची गोष्ट दुर्दैवाची गोष्ट होऊन बसते. कीव दुर्दैवाची करता येते. वर्णद्वेषाबद्दल जाब विचारावा लागतो.

इथेही हिशोब नीट हवा. बार्बोझानंतर २००६ मध्ये दिदा येईपर्यंत एकाही कृष्णवर्णीय गोलकीपरला ब्राझीलने विश्वचषकात उभं केलं नाही, असं सर्रास लिहिलं जातं. पण १९६६ मध्ये पोर्तुगालविरुद्ध मांगा हा कृष्णवर्णीय गोलकीपर खेळला होता. एकच सामना, ब्राझील ३-१ ने हरला आणि दोषाची बोटं पुन्हा गोलपोस्टकडे वळली. पहिली पसंती म्हणून स्पर्धा खेळणारा मात्र दिदाच, छप्पन्न वर्षांनी. वस्तुस्थिती एवढी कडक असताना तिला गोष्टीचा मुलामा कशाला?

राहता राहिला सगळ्यांत भारी पडणारा आक्षेप. बार्बोझा स्वतःच तर म्हणायचा की ब्राझीलमध्ये मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र त्याहून कितीतरी जास्त भोगली. दुकानातल्या बाईची हकीकतही त्यानेच सांगितली. १९९३ मध्ये उरुग्वेविरुद्धच्या सामन्याआधी तो तेरेझोपोलिसच्या सराव छावणीत खेळाडूंना भेटायला गेला, तर अपशकुन होईल म्हणून त्याला भेटू दिलं नाही. हे सगळं खरं आहे. त्याला वेदना झाल्या नाहीत, असा माझा दावा मुळीच नाही. पण अर्धं शतक येणाऱ्या प्रत्येक माणसाने तुम्हाला तोच एक प्रश्न विचारला, तर तुमचंही उत्तर हळूहळू तेच एक होईल. कॅमेरे लाब्रुनाच्या पेनल्टीसाठी आले नाहीत, मोंतेव्हिदेओसाठी आले नाहीत. त्याच उत्तरांत बार्बोझा आणखी एक गोष्ट वारंवार सांगत असे, की आम्ही अकरा जण होतो. शिक्षेचं वाक्य प्रत्येक लेखात असतं. अकरा जणांचं क्वचितच. शेवटच्या वर्षांत व्हास्कोने त्याला आर्थिक मदत केली, तीही सहसा वगळली जाते, कारण तिने हलाखीचं चित्र बिघडतं.

२०१४ मध्ये बेलो होरिझोंतेला जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं चिरडलं. दुसऱ्याच दिवसापासून सूर लागला: आता बार्बोझा निर्दोष सुटला. ह्या वाक्याइतका दुष्टावा शिव्यांतही नव्हता. चौसष्ट वर्षांनी दुसऱ्या अकरा जणांनी सात गोल खाल्ले म्हणून तो निर्दोष, आणि त्यांनी तीनच खाल्ले असते तर? सुटका व्हायचीच होती तर ती ८ एप्रिल १९५१ लाच झाली होती, सेंतेनारिओवर, घिजियाच्या समोर. ती कुणी नोंदवली नाही इतकंच. पुढच्या विश्वचषकाच्या वेळी पुरवणीच्या संपादकांनी बार्बोझावर लेख मागवलाच, तर लेखकाने सांतियागोपासून सुरुवात करावी, पेनल्टी अडवलेल्या हातांपासून. माराकानाला एक परिच्छेद पुरेल.